वेसनॉथच्या लॉबीत नवखा आला की पहिला अर्धा तास आपल्या हातात असतो

षट्कोनी (धागालेखक)

मंडळी, 'बॅटल फॉर वेसनॉथ' हा पाळीपाळीने फौजा हलवायचा युद्धखेळ खेळणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून खेळाची जास्त ओळख करून देत बसत नाही. विषय नव्या खेळाडूंचा आहे.

संध्याकाळी लॉबी, म्हणजे ऑनलाइन डाव जमतात ती जागा, उघडून नुसतं बसलं तरी हे दिसतं. एखादं अनोळखी, नोंदणी न केलेलं नाव येतं, एका खोलीत शिरतं, बाहेर पडतं, दुसरीत शिरतं, बाहेर पडतं आणि नाहीसं होतं. बहुतेकदा ते स्वतःहून बाहेर पडलेलं नसतं, होस्टने, म्हणजे खोली उघडणाऱ्याने, काढलेलं असतं. कारण सांगायची पद्धत नाही. खेळ फुकट आहे, कोणी पैसे मोजून अडकलेलं नाही, त्यामुळे असा माणूस परत येण्याचं काही कारणही उरत नाही.

लिचेस हा ऑनलाइन बुद्धिबळाचा मंच घ्या, त्याच्याशी तुलना करून पाहा. तोही मुक्तस्रोत, तोही देणग्यांवर चालणारा. पण तिथे नव्या माणसाला जोडीदार शोधून द्यायचं काम यंत्रणा करते. १५०० या तात्पुरत्या रेटिंगपासून सुरुवात होते, चार डाव हरले की आकडा खाली येतो आणि समोर आपल्याच ताकदीचा कोणीतरी येऊन बसतो. तिथे कोणी कोणाचं स्वागत केलं नाही तरी नवखा टिकू शकतो. वेसनॉथच्या अधिकृत सर्व्हरवर असली जोडणी नाही. खोल्यांची यादी असते आणि कोणाला आत घ्यायचं हे होस्ट ठरवतो. लॅडर, म्हणजे खेळाडूंची क्रमवारी, आहे, पण ती वेगळी, आणि तिकडे जाणारे आधीच मुरलेले असतात. म्हणजे नव्या माणसाचा पहिला अनुभव कसा असेल ते त्या वेळी लॉबीत बसलेल्या तुमच्या-माझ्यावर ठरतं. यंत्रणेवर ढकलता येणार नाही असं हे काम आहे, आणि ते आपण नीट करत नाही असं माझं मत आहे.

त्यात यादी पाहून काही कळत नाही. सर्व्हायव्हल, आरपीजी, साधा दोघांचा डाव, सगळं एकाखाली एक. कुठे अ‍ॅडऑन (वेगळा उतरवायचा जादा भाग) लागतो, कुठे कोणीतरी तास दीड तास खेळून अर्ध्यावर सेव्ह केलेला डाव पुढे चालवतंय, हे नव्याला समजायला मार्ग नाही. तो आपला रिकामी जागा दिसली की शिरतो.

मी काय करतो ते सांगतो. खोलीच्या नावातच 'नवीन खेळाडू या, शिकत खेळू' असं लिहितो. दोघांचा नकाशा घेतो, बहुतेकदा 'द फ्रीलँड्स'. टायमर बंद. धुकंही बंद, म्हणजे माझी सगळी फौज त्याला दिसते आणि मी काय करतोय हे मला बोलूनही दाखवता येतं. त्याला रँडम बाजू घेऊ देत नाही, लॉयलिस्ट, म्हणजे मुख्यतः माणसांची फौज, घ्यायला सांगतो. मी नॉर्दर्नर, म्हणजे ओर्कांची, घेतो. आणि एका डावात एकच गोष्ट शिकवतो. पहिल्या डावात दिवस आणि रात्र, बस.

लॉयलिस्टांचा भालाईत घ्या. एका वाराला ७ नुकसान. दिवसा तो ९ होतो, रात्री ५. माझा ओर्क ग्रंट ९ चा, तो दिवसा ७ वर येतो आणि रात्री ११ वर जातो. सहा टर्नचं (पाळ्यांचं) चक्र, त्यातल्या दोन दिवसाच्या, दोन रात्रीच्या, पहाट आणि संध्याकाळ मधल्या. हे एवढं डोळ्यांनी पाहिलं की नवा माणूस तिसऱ्याचौथ्या टर्नला स्वतःच विचारतो, "मग आता रात्र होणार, मी मागे यायचं का?" त्या प्रश्नानंतर तो माणूस खेळात आला असं मी समजतो. त्याआधी तो फक्त सोंगट्या सरकवत असतो.

डाव संपला की रिप्ले, म्हणजे खेळलेल्या डावाची नोंद, सेव्ह करतो आणि पाच मिनिटं दोघं मिळून बघतो. सगळा नाही, एक जागा फक्त.

तुम्ही काय करता, आणि काय चुकतंय असं वाटतं, ते लिहा.


तटबंदी

धागा चांगला आहे, पण दुसरी बाजू मांडतो.

खेळात ट्युटोरियल आहे. कॉनराड किंवा लिसार हे पात्र घेऊन अर्ध्या तासात सगळं मूलभूत शिकता येतं. त्यानंतर 'अ टेल ऑफ टू ब्रदर्स' ही संगणकाविरुद्ध एकट्याने खेळायची चार प्रसंगांची छोटी मोहीम आहे, मग 'द साउथ गार्ड'. शिवाय खेळात भरपूर मदतपानं आहेत, प्रत्येक युनिटची माहिती उजव्या क्लिकवर मिळते. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून हे तयार केलंय. ते न बघता थेट लॉबीत येणाऱ्याला हाताला धरून चालवायचं, हे मला पटत नाही. मला दिवसात एक तास मिळतो. त्या तासात तोडीस तोड डाव खेळावासा वाटणं गैर आहे का?


षट्कोनी

तटबंदी, अजिबात गैर नाही. रोज प्रत्येकाने शिकवावं असं मी म्हणतच नाही. तुमच्या खोलीच्या नावात 'अनुभवी खेळाडू हवेत' असं लिहिलंत आणि कोणी नवा आला तर एका ओळीत "हा डाव जड जाईल, पण शिकायचं असेल तर बाजूच्या खोलीत जा" इतकं सांगितलंत, तरी खूप झालं. माझी तक्रार न बोलता किक करण्यावर, म्हणजे खोलीतून काढण्यावर आहे.

मोहिमेबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. मोहीम खेळून आलेला माणूस लॉबीत जास्त गोंधळतो. संगणक काय करतो? समोर दिसेल त्यावर तुटून पडतो, वेळ दिवसाची आहे की रात्रीची याची फारशी पर्वा करत नाही. तुम्ही किल्ल्यात किंवा गावात बसून राहिलात तरी तो एकेक युनिट आणून तुमच्या पुढ्यात मरतो. माणूस तसं करत नाही. तो वेळ वाईट असेल तर मागे जातो, तुम्ही पाठलाग करत नदीत उतरलात की तिथे गाठतो. उथळ पाण्यात भालाईताचा बचाव २० टक्के, म्हणजे पाचातले चार वार लागणार.

शिवाय मोहिमेत सेव्ह-लोडची सवय लागते. आवडतं युनिट मेलं की मागचा सेव्ह उघडायचा. जुनी, लेव्हल चढलेली युनिटं पुढच्या प्रसंगात परत बोलावता येतात, म्हणून त्यांना जपायचं. लॉबीतल्या डावात प्रत्येक जण नव्या, लेव्हल न चढलेल्या फौजेपासून सुरू करतो आणि युनिटं मरणारच असतात. दोन भालाईत देऊन तीन गावं मिळाली तर सौदा फायद्याचा. हे मोहीम शिकवत नाही.


मेघना_सां

मी तीनचार वर्षं खेळते आहे, लॉबीत मात्र फार कमी बोलते. का ते सांगते, कदाचित उपयोगी पडेल.

नाव मुलीचं दिसलं की पहिला प्रश्न "खरंच मुलगी?" आणि दुसरा "कुठली?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट असेलच असं नाही. पण मी खेळायला आलेली असते आणि माझी चौकशी सुरू झालेली असते. मग मी नोंदणी न करता भलतंच नाव घेऊन खेळू लागले. ती सोय सर्व्हरवर आहे हे एका अर्थी बरंच आहे, पण त्यामुळे माझ्याशी दोन चांगले डाव खेळलेली माणसं मला पुन्हा ओळखू शकत नाहीत, आणि मैत्री काही जमत नाही.

ज्या एका माणसामुळे मी टिकले त्याने मला एवढंच विचारलं होतं, "तुला कुठली बाजू आवडते?" मी ड्रेक म्हटलं. मग अर्धा तास आम्ही ड्रेकांबद्दल बोलत होतो. ते उडतात, भराभर जातात, पण भाल्यापुढे आणि थंडीपुढे कच्चे, आणि कुठेही उभे केले तरी बचाव जेमतेम. तो डाव मी हरले, आणि दुसऱ्या दिवशी परत गेले.

तेव्हा स्वागत करताना माणसाबद्दल विचारू नका, खेळाबद्दल विचारा. सांगायचं असेल ते माणूस आपणहून सांगतो.


तिरफळ

मेघनाताई, हे फार महत्त्वाचं लिहिलंत.

मी पालक म्हणून भर घालतो. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, त्याला हा खेळ मीच दाखवला, कारण यात जाहिराती नाहीत, पेट्या उघडायला पैसे मागत नाहीत आणि विचार करायला वेळ मिळतो. लॉबीत मात्र पहिले काही डाव मी शेजारी बसून होतो. घरात दोन नियम केले. वय, शाळा, गाव चॅटमध्ये लिहायचं नाही. आणि कोणी घाणेरडं बोललं तर उत्तर द्यायचं नाही, त्या नावाला इग्नोर करायचं आणि मला सांगायचं. सर्व्हरवर मॉडरेटर असतात, त्यांना कळवता येतं.

खोली चालवणाऱ्यांना एक विनंती आहे. समोरचा पोरगा असू शकतो हे धरून बोला. त्याने चूक केली आणि तुम्ही शिवी घातलीत, तर तो तुम्हाला उत्तर देणार नाही, तो खेळ बंद करून जेवायला येईल आणि जेवणार नाही. मी हे पाहिलं आहे.


आज्ञावली

नशिबाबद्दल कोणीच बोललं नाही अजून! माझ्या मते नवे लोक जातात त्याचं मोठं कारण तेच आहे. "हा खेळ खोटा आहे, माझे वार लागतच नाहीत," हे वाक्य ज्याने लॉबीत ऐकलं नसेल तो लॉबीत गेलेलाच नाही.

गणित सोपं आहे. समोरचा गावात बसलाय, त्याचा बचाव ६० टक्के. तुमचा प्रत्येक वार लागायची शक्यता ४० टक्के. भालाईताचे वार तीन. तिन्ही हुकण्याची शक्यता ०.६ चा घन, म्हणजे २१.६ टक्के. पाचात एकदा तुम्ही हल्ला कराल आणि काहीही होणार नाही. एका डावात असे तीस हल्ले झाले तर सहासात वेळा हात हलवत परत यायचं. नव्या माणसाच्या ते सहासात लक्षात राहतात. त्यातले दोन लागोपाठ झाले की त्याला खात्रीच पटते.

यावर आपण काय म्हणतो? "नशिबाला दोष देऊ नको, नीट खेळ." हे ऐकून कोणाचंही समाधान होणार नाही. मी असं करतो. त्याला हल्ल्याच्या खिडकीतलं नुकसानीचं गणित उघडायला सांगतो. कोण किती जीवावर उरेल याच्या शक्यता तिथे टक्क्यांत लिहिलेल्या असतात, आणि पुष्कळांना हे बटण आहे हेच माहीत नसतं. डाव संपल्यावर आकडेवारीची खिडकी उघडायची. तिथे अपेक्षित नुकसान आणि प्रत्यक्ष झालेलं नुकसान शेजारीशेजारी असतं. कधीकधी त्याचं नशीब खरोखरच वाईट निघतं. तेव्हा सरळ म्हणायचं, "हो, आज तुला फासे वाईट पडले." त्याचं म्हणणं खरं असेल तेव्हा ते मान्य केलं, की पुढचं ऐकायला तो तयार होतो.

आणि पुढचं हे, की गावात बसलेल्याला हाकलायला भालाईत कशाला पाठवलास? मेज, म्हणजे जादूगार, पाठव. त्याच्या जादूला समोरच्याच्या बचावाशी देणंघेणं नाही, कुठेही ७० टक्के लागतं. तिन्ही हुकण्याची शक्यता २.७ टक्के. मेज २० सोन्याचा आणि नाजूक आहे, म्हणून त्याला पुढे एकटा सोडायचा नाही. नशीब आपल्याला किती वेळा विचारावं लागेल हे बऱ्याच अंशी आपणच ठरवतो, हे त्याला त्या दिवशी कळतं.


षट्कोनी

आज्ञावली, "आज तुला फासे वाईट पडले" हे मी उचललं. आकडेवारीची खिडकी मी नव्यांना दाखवत नव्हतो, आता दाखवेन.


पिंगळा

मी मुख्यतः '० ए. डी.' खेळतो, वेसनॉथ अधूनमधून. तिकडचं सांगतो, कारण अडचण तीच आहे पण जास्त टोकाची. तो वास्तविक वेळेतला, म्हणजे पाळ्या नसलेला युद्धखेळ आहे. चार विरुद्ध चारच्या डावात एक जण अगदी नवा असला की त्याची बाजू दहाव्या मिनिटाला कोसळते, आणि बाकी सात जणांची संध्याकाळ जाते. त्यामुळे होस्ट रेटिंग विचारतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. आपल्याकडची मुलं मौर्य दिसले, चंद्रगुप्त आणि अशोक नायक म्हणून आहेत हे दिसलं, की हौसेने येतात. हत्ती बनवायला मिळणार म्हणून खूश असतात. हत्ती बनायच्या आधीच डाव संपतो.

तिथे उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे नव्याला आधी प्रेक्षक म्हणून बसवणं. डाव चालू असताना एक जण त्याला चॅटवर सांगत राहतो, आता याने धान्याकडे माणसं वळवली, आता हा बराकी बांधतोय. मग दुसऱ्या डावात तो संगणकाविरुद्ध आपल्या बाजूने खेळतो. माणसाविरुद्ध तिसरा डाव.

वेसनॉथमध्ये तुम्ही नव्याला समोर बसवता. शेजारी का नाही बसवत?


षट्कोनी

पिंगळा, प्रश्न रास्त आहे. शेजारी बसवायला 'वर्ल्ड कॉन्क्वेस्ट' आहे. ते आता खेळाबरोबरच येतं, वेगळं उतरवावं लागत नाही, आणि तिघांपर्यंत एका बाजूने संगणकाविरुद्ध खेळता येतं. मैत्री व्हायला ते उत्तम. पण त्यात विशेष वस्तू, प्रशिक्षण, वेगवेगळे सेनानी असा पसारा फार आहे. मूळ नियम कळायच्या आत माणूस त्या पसाऱ्यात हरवतो. म्हणून मी ते दुसऱ्यातिसऱ्या भेटीला ठेवतो.

प्रेक्षक म्हणून बसवणं मात्र आपण जवळजवळ विसरलोच आहोत. वेसनॉथ टर्नवर चालतो, घाई नसते, बोलायला भरपूर वेळ असतो. यासारखा बघायला सोयीचा खेळ नाही.


पाऊलवाट७

एक शंका. नव्याशी खेळताना थोडं सैल खेळावं का? मी कधीकधी मुद्दाम एखादं युनिट उघड्यावर ठेवते, त्याला मारल्याचा आनंद मिळावा म्हणून.


तटबंदी

पाऊलवाट, नका करू तसं. माणसाला कळतं. आज नाही कळलं तर रिप्ले बघताना कळतं, आणि मग आधीचे सगळे डाव त्याला खोटे वाटू लागतात. त्यापेक्षा उघडपणे सवलत द्या. खोली तयार करताना प्रत्येक बाजूचं सुरुवातीचं सोनं वेगळं ठेवता येतं. नेहमीचं १०० असतं. त्याला १५० द्या आणि सांगा की दिलंय. तीन भालाईत जादा आले, आणि तुम्हाला पूर्ण ताकदीने खेळता येतं. पुढच्या वेळी १३०. बरोबरीच्या सोन्यावर तो पहिल्यांदा जिंकला की तो विजय पूर्णपणे त्याचा.

(वर मी नाराजीने लिहिलं असलं तरी विषय माझ्या जवळचा आहे. मला कोणी शिकवलं नव्हतं, बाहेरून रिप्ले उतरवून बघत बघत शिकलो. अधिकृत सर्व्हरवरचे रिप्ले जपून ठेवलेले असतात, कोणालाही बघता येतात. पण तो रस्ता लांबचा आहे आणि सगळ्यांना झेपत नाही हे मलाही मान्य आहे.)


षट्कोनी

दीडशे सोन्याची युक्ती उत्तम. तटबंदी, तुम्ही शिकवायला बसलात तर माझ्याहून चांगलं शिकवाल.


केळफूल

नमस्कार. मी इथे पहिल्यांदाच लिहितोय. हा खेळ मागच्या आठवड्यात घेतला. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, त्याच्या सॉफ्टवेअर भांडारातूनच घेतला. ट्युटोरियल केलं, 'टू ब्रदर्स' संपवली. लॉबीत दोन दिवस जातोय, पण कोणीच नसतं. हा खेळ अजून लोक खेळतात ना? आणि नेट फोनच्या हॉटस्पॉटवर आहे, त्याने काही अडचण येईल का?


आज्ञावली

केळफूल, या या! खेळ मुख्य मेनूत खाली आवृत्ती दाखवतो, ती बघून सांगाल का?


केळफूल

१.१६ च्या पुढे काहीतरी आहे.


आज्ञावली

तेच कारण. वेसनॉथमध्ये सम आकड्याच्या मालिका स्थिर असतात, १.१४, १.१६, १.१८ अशा, आणि विषम आकड्याच्या विकासाच्या. वेगवेगळ्या मालिकांचे लोक एकमेकांशी खेळू शकत नाहीत, त्यांची लॉबीच वेगळी. १.१८ मार्च २०२४ मध्ये आली आणि लोक तिकडे गेले. तुमच्या लिनक्सच्या भांडारात जुनी राहिली आहे. फ्लॅटहब या लिनक्सच्या दुसऱ्या भांडारातून किंवा स्टीमवरून नवी घ्या, दोन्हीकडे फुकट आहे. हॉटस्पॉटची काळजी नको, टर्नचा खेळ आहे, डेटा फार थोडा लागतो. होस्ट करायलाही राउटरमध्ये काही उघडावं लागत नाही, सगळं सर्व्हरमार्फत जातं.

बाकीच्यांसाठी: हा माणूस दोन दिवस रिकाम्या लॉबीत बसून होता. अजून दोन दिवस गेले असते तर "मेलेला खेळ" म्हणून त्याने काढून टाकला असता. कोणी खेळ घेतला म्हटलं की आपला पहिला प्रश्न 'आवृत्ती कुठली' हा असला पाहिजे.


तिरफळ

शिवाय केळफूल, मध्येच लाईट गेली किंवा नेट तुटलं तर घाबरू नका. तुम्हाला कोणी काढलेलं नसतं. होस्टला विचारणा येते की या खेळाडूचं काय करायचं, आणि तो थांबू शकतो किंवा डाव सेव्ह करून ठेवू शकतो. परत येऊन सांगायचं, लाईट गेली होती. माझ्या मुलाने पहिल्या वेळी लाजून परत तोंडच दाखवलं नव्हतं.


पाऊलवाट७

केळफूल, स्वागत! काही गोष्टी सांगून ठेवते. सेनापतीला फार पुढे नेऊ नका, तो मेला की डाव गेला. गावं आधी घ्या, ती सोनं देतात, युनिटांचा खर्च उचलतात आणि जखमी युनिटाला टर्नला ८ जीव परत देतात, विषही उतरवतात. एकाच जातीची युनिटं घेऊ नका. जखमी युनिट मागे घ्या. शेवटचा घाव कोण घालतंय ते बघा, कारण मारल्याचा अनुभव शत्रूच्या लेव्हलच्या आठपट मिळतो. नियंत्रणक्षेत्र, म्हणजे शत्रूच्या शेजारची त्याच्या ताब्यातली घरं, समजून घ्या. प्रतिकाराचे टक्के पाठ करा, सांगाड्याला भाला लावून उपयोग नाही, त्याला गदा लागते...


षट्कोनी

पाऊलवाट, सगळं बरोबर लिहिलंत, पण एवढं एकदम नको. पहिल्या डावात दिवस-रात्र. बाकीचं जसं समोर येईल तसं. सांगाडा समोर आला की भाला का लागत नाही हे तो विचारेलच, तेव्हा सांगितलेलं विसरणार नाही.

केळफूल, नवी आवृत्ती घेतलीत की इथे लिहा. नोंदणी करायची गरज नाही, मोकळं असलेलं कुठलंही नाव टाकून आत येता येतं.


केळफूल

फ्लॅटहबवरून १.१८ घेतला. लॉबीत माणसं दिसली! शिरायला भीती वाटते. मी विचार करायला फार वेळ घेतो. मोहिमेत एकेका टर्नला दहा दहा मिनिटं घेतली आहेत.


मेघना_सां

टायमर बंद असलेल्या खोलीत दहा मिनिटं घेतलीत तरी चालतं. लोक बाहेर तेवढ्यात चहा करून येतात. फक्त लिहा, "विचार करतोय." समोरच्याला गप्प पडद्याचा त्रास होतो, वेळेचा होत नाही.


आज्ञावली

मुक्तस्रोत बाजूबद्दल दोन शब्द, कारण तो भाग निसटतोय.

डेव्हिड व्हाइट यांनी २००३ मध्ये हा खेळ सुरू केला तेव्हा तो अगदी साधा होता. चित्रं, संगीत, मोहिमा, अनुवाद हे सगळं नंतर आलेल्या माणसांनी केलं, आणि त्यातले बहुतेक आधी खेळाडू होते. आज खेळाबरोबर येणाऱ्या कित्येक मोहिमा मुळात कोणा खेळाडूने हौसेने लिहिलेले अ‍ॅडऑन होत्या. म्हणजे आज लॉबीतून न बोलता काढलेला माणूस हा पुढचा नकाशाकार किंवा अनुवादक असू शकतो. हे मी शोभेसाठी म्हणत नाही, या खेळाला माणसं मिळायचा दुसरा रस्ताच नाही. पगारावर कोणी येत नाही.

पण उलटी घाईही करू नये. नव्या माणसाने एखादी तक्रार केली की लगेच "मुक्तस्रोत आहे, तूच दुरुस्त कर" असं म्हणणारे लोक मी पाहिलेत. ते उत्तर म्हणजे दार लावून घेणं आहे. त्याऐवजी त्याच्या तक्रारीकडे नीट बघा. नवा माणूस जिथे अडतो ती जागा आपल्याला दिसतच नाही, कारण आपण तिच्यावरून रोज जातो. त्याला अमुक बटण सापडलं नाही, अमुक वाक्य कळलं नाही, हे लिहून ठेवण्यासारखं असतं. गिटहबवर, म्हणजे खेळाचं काम चालतं त्या संकेतस्थळावर, नोंद करायला त्याला जमणार नसेल तर त्याच्याशी बोलून आपण करा, आणि दुवा त्याला पाठवा. आपण बोललेलं कुठेतरी नोंदलं गेलं, हे बघितल्यावर माणूस वेगळ्या नात्याने खेळतो.

नंतर, त्याला वाटलं तर, खेळातच नकाशा बनवायचं साधन आहे. युनिटांच्या फाइली साध्या मजकुरात आहेत, भालाईताची किंमत १४ च्या जागी १० करून काय होतं ते घरच्या घरी बघता येतं. अनुवादाला प्रोग्रामिंग लागत नाही. पण हे सगळं चौथ्यापाचव्या आठवड्याचं.


पिंगळा

आज्ञावली, त्या तक्रारीच्या मुद्द्याला जोडून. केळफूल, दोन दिवस लॉबी रिकामी दिसली तेव्हा पडद्यावर काही सूचना होती का, की नव्या मालिकेची लॉबी वेगळी आहे?


केळफूल

मला तरी काही दिसलं नाही. असेल तर माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटलं वेळ चुकीची आहे.


आज्ञावली

हे मी नोंदवतो. आधी कोणी नोंदवलंय का ते बघतो, नसेल तर तुमच्या शब्दांत लिहितो. दुवा इथे देईन.


तटबंदी

वेळेबद्दल: लॉबीत युरोपातले लोक बरेच असतात, त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली रात्र. आपले रात्रीचे नऊ म्हणजे जर्मनीत उन्हाळ्यात साडेपाच, हिवाळ्यात साडेचार. नऊ ते अकरा ही आपल्याला सगळ्यात सोयीची वेळ. त्याआधी गेलात तर वर्दळ कमी.

केळफूल, शनिवारी रात्री नऊला मी खोली उघडतो. लॉयलिस्ट तुम्ही, सोनं तुम्हाला १५०, टायमर नाही. षट्कोनी, तुम्ही प्रेक्षक म्हणून या आणि मी फार बोलू लागलो तर थांबवा.


षट्कोनी

येतो. मेघनाताई, तुम्हीही या, ड्रेक घेऊन दुसरा डाव लावू, केळफूल तो बघतील.


मेघना_सां

नऊला जमणार नाही, साडेदहाला येते. तोपर्यंत तुमचा पहिला डाव संपलेला नसेल तर बाहेर थांबते, घाई करू नका. आणि खोलीचं नाव मराठीत ठेवा. लॉबीत देवनागरी दिसली की अजून कोणी गप्प बसलेलं असेल तर तेही आत येईल.


केळफूल

माझा मामेभाऊ पण येईल म्हणतोय, त्याने काहीच खेळलेलं नाही, विंडोजवर आहे. चालेल का?


तटबंदी

चालेल. त्याला आजच १.१८ घ्यायला सांगा आणि ट्युटोरियलचा पहिला भाग करून या म्हणावं, तेवढं पुरे. दोघांनाही एका बाजूला घेतो, मी आणि षट्कोनी दुसऱ्या. चौघांचा नकाशा बघून ठेवतो.